पाण्याची पाळी आणि पेशींचं घड्याळ

संशयी : सर, तुमचं म्हणणं मला नीट कळलंय का ते आधी पाहू. रोगाशी लढणाऱ्या पेशी दिवसाच्या ठरावीक वेळा पाळून काम करतात, हे एक. आणि विजेच्या पाळीमुळे ज्याला रात्री दोन वाजता कांद्याला पाणी भरायला जावं लागतं त्याची प्रतिकारशक्ती त्यापायी खालावते, हे दुसरं. पहिल्याला पुरावा आहे, मान्य. दुसरं तुम्हाला आतून पटलंय, एवढंच मला दिसतं. हिवाळ्यात माझ्याकडे खोकला, ताप, अंगदुखी घेऊन पेशंट येतात, त्यांत रात्री शेतात असणारे बरेच असतात हे मीही पाहते. पण त्याच दिवसांत निफाड तालुक्यातला पारा घसरलेला असतो. माणूस पोटऱ्यांपर्यंत ओला, अंगावर एक स्वेटर, पोटात चहा, बिडीचा धूर, आणि सकाळी पुन्हा कांद्याच्या चाळीतली धूळ. एवढी ढळढळीत कारणं समोर असताना मी पेशींतल्या घड्याळापर्यंत कशाला जाऊ?

उत्साही : जावं लागेल, डॉक्टर, कारण ती सगळी कारणं ज्या शरीरावर येऊन पडतात ते शरीर चोवीस तास सारखं नसतं. मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो उजेडावरून वेळ जुळवतो. पण तसंच घड्याळ यकृतात आहे, कातडीत आहे आणि पांढऱ्या पेशींतही आहे. काही जनुकं प्रथिनं तयार करतात, ती साठली की त्याच जनुकांना थांबवतात, मग विरून जातात आणि जनुकं पुन्हा कामाला लागतात. हा फेरा साधारण चोवीस तासांचा. रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांनी १९७१ मध्ये फळमाशीत अशा जनुकाचा पहिला माग काढला, आणि त्याची आतली रचना उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आता प्रतिकारशक्तीकडे या. पहाटे कॉर्टिसॉल चढू लागतं, तसतशा लिम्फोसाइट पेशी रक्तातून निघून हाडांच्या मगजात आणि इतर ऊतींत जातात. एकाच माणसाचं रक्त मध्यरात्री तपासलं तर त्या जास्त दिसतात, सकाळी कमी. सकाळी जो कांदा बाजार समितीच्या आवारात दिसतो तोच दुपारी व्यापाऱ्याच्या खळ्यावर असतो. आवार रिकामं झालं म्हणून कांदा संपला असं आपल्याकडे कुणी म्हणणार नाही. पेशींचंही तसंच, त्या जागा बदलतात. आणि याचा परिणाम जिवावर होतो. मिनेसोटात फ्रान्झ हॅलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये दाखवलं की जंतूंच्या विषाचा तोच डोस उंदरांना एका वेळी दिला तर बहुतेक मरतात आणि दुसऱ्या वेळी दिला तर बहुतेक जगतात. २०१६ मध्ये केंब्रिजला उंदरांना नागिणीच्या जातीच्या एका विषाणूची लागण केली. विश्रांतीच्या सुरुवातीला लागण झालेल्या उंदरांत विषाणू दहापट वाढला. घड्याळाचं एक मुख्य जनुक काढून टाकलेल्या उंदरांत मात्र तो कोणत्याही वेळी भरपूर वाढला. विष तेच, विषाणू तोच, फरक वेळेचा. याहून स्वच्छ पुरावा तुम्हाला कसला हवा?

संशयी : माणसांतला. उंदीर निशाचर प्राणी आहे, त्याची रात्र म्हणजे आपला दिवस. आणि पिंजऱ्यातल्या उंदराला कर्ज नसतं, मुलीची परीक्षा नसते, भाव पडत नाहीत. माझ्या क्षेत्रात वेळेच्या गोष्टीने एकदा आम्हाला चांगलंच फसवलेलं आहे, म्हणून मी ताक फुंकून पिते. रक्तदाबाच्या गोळ्या रात्री घेतल्या तर हृदयविकार जवळजवळ निम्म्याने घटतो, असं स्पेनमधल्या एका मोठ्या अभ्यासाने २०१९ मध्ये जाहीर केलं. कितीतरी डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ बदलली. मग ब्रिटनमध्ये २१,१०४ रुग्णांवर पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या अभ्यासाचा निकाल २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये आला : सकाळी घ्या, रात्री घ्या, फरक नाही. रक्तदाबाला दिवसरात्रीची लय नाही का? आहे, पाठ्यपुस्तकात आहे. पण लय आहे एवढ्याने तिच्यावर बेतलेला सल्ला उपयोगी ठरत नाही. शरीरात चढउतार कशाचा होत नाही? प्रश्न असतो, त्या चढउताराने माणूस आजारी पडतो का आणि वेळ बदलली तर बरा होतो का.

उत्साही : रक्तदाबाचं मान्य करतो. पण तुम्ही स्वतः रोज वेळ वापरता. रोज संध्याकाळी बारीक ताप येतो म्हणणाऱ्याचा बेडका तुम्ही क्षयासाठी तपासायला पाठवता. दम्याचा पेशंट पहाटे का गुदमरतो, संधिवाताच्या बाईची बोटं सकाळी का उघडत नाहीत, हे मला तुम्हीच सांगितलंत. संधिवातात दाह वाढवणारं इंटरल्युकिन-६ पहाटे शिखरावर असतं, म्हणून रात्री दहाला घेऊन दोनच्या सुमारास पोटात सुटणारी स्टेरॉइडची गोळी काढली, आणि २००८ च्या चाचणीत सकाळचा आखडलेपणा तिने खरोखर कमी झाला. हे उंदरांतलं नाही.

आणि आपल्या राज्यातलं बघा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याकडे हत्तीरोगाच्या सर्वेक्षणासाठी आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन रक्त घेतात. माणसं झोपेतून उठून बोट पुढे करतात. का? त्या कृमीची पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि त्यांना पसरवणारा डास चावायला येतो त्याच सुमारास, रात्री, कातडीखालच्या रक्तात उतरतात. पॅट्रिक मॅन्सनने एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये हे ओळखलं. दिवसा रक्त घेतलं तर रोगी निरोगी ठरतो! शरीराची वेळ जंतूंनी हेरलेली आहे, सरकारी सर्वेक्षण तिच्यावर बेतलेलं आहे, आणि शेतकऱ्याचा विषय निघाला की आपण तिला चैन समजतो. याचं मला वाईट वाटतं.

संशयी : हत्तीरोगाचं उदाहरण चोख आहे, आणि ते मला एवढ्यासाठी आवडतं की तिथे वेळेचा उपयोग आरोग्य कर्मचाऱ्याने करायचा आहे, रुग्णाला कुणी उपदेश करत नाही. माझी भीती उपदेशाची आहे. लसीचंच घ्या, तुम्ही तिकडे येणारच होतात.

उत्साही : येणार होतो. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अभ्यासात पासष्टीपुढच्या २७६ लोकांना फ्लूची लस दिली, काहींना सकाळी नऊ ते अकरा, काहींना दुपारी तीन ते पाच. सकाळवाल्यांत तीनपैकी दोन प्रकारच्या विषाणूंविरुद्ध अँटिबॉडी जास्त तयार झाल्या. नेदरलँड्समध्ये बीसीजीचंही तसंच दिसलं, सकाळी दिलेल्या लशीने संध्याकाळच्यापेक्षा जोरकस प्रतिसाद उठवला. लस तीच, खर्च तोच, फक्त वेळ वेगळी.

संशयी : आणि तिसऱ्या प्रकाराविरुद्ध? काहीच फरक नाही. फ्लू किती जणांना झाला हे त्यांनी मोजलंच नव्हतं, फक्त अँटिबॉडी मोजल्या. कोविडच्या लशीत ब्रिटनमधल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये उलट निघालं, दुपारनंतर टोचून घेणाऱ्यांच्या अँटिबॉडी जास्त. आता उपकेंद्रात काय होतं ते बघा. आशाताई दोन वस्त्या फिरून बायकांना गोळा करून आणते. त्या लागवडीची मजुरी बुडवून आलेल्या असतात. तिथे कुणी म्हणालं की बारा वाजून गेले, सकाळी या, तर ती बाई परत येत नाही. बाळाला दुपारी तीनला दिलेली लस आणि कधीच न दिलेली लस यांच्यातला फरक अँटिबॉडीच्या कोणत्याही आलेखापेक्षा मोठा आहे.

शिवाय सकाळ कुणाची? आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं. लासलगाव चौऱ्याहत्तरच्या जवळ, म्हणजे सूर्य इथे घड्याळाच्या अर्धा तास मागे. त्यात इथली माणसं पाचला उठतात, बर्मिंगहॅमचे निवृत्त लोक कधी उठतात कुणास ठाऊक. आणि जो रात्रभर शेतात होता त्याची सकाळी नऊची वेळ पेशींच्या लेखी सकाळ आहे की मध्यरात्र, हे तुम्ही मला सांगू शकाल का?

उत्साही : नाही सांगू शकणार. पण डॉक्टर, हाच तर माझा मुद्दा झाला. भिंतीवरच्या घड्याळात नऊ आणि आत दुसरंच काही, अशी स्थिती त्या माणसाची होते हे तुम्ही आता गृहीत धरूनच बोललात.

जिवाला वेळ कळते हे या तालुक्याला प्रयोगशाळेने शिकवायची गरज नाही. एन-५३ खरिपाला लावायचा आणि एन-२-४-१ रब्बीला. हंगाम चुकला तर कांदा पोसत नाही, डेंगळे तरी येतात किंवा नुसती पात वाढते. कांद्याचं रोप दिवसाची लांबी मोजतं. युरोपातलं, चौदा-पंधरा तासांच्या दिवसाला सरावलेलं बी इथे लावलं तर पात जोमाने वाढेल, गड्डा धरणार नाही. पानातल्या घड्याळाला उजेडाचे तास जुळले की गड्डा धरायचा हुकूम सुटतो; उष्णतेचाही त्यात हात आहे, पण उजेड लागतोच. आपण पिकाची वेळ इतकी जपतो. उळे टाकायचा आठवडा चुकू देत नाही. त्याच वाफ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या वेळेची मात्र कुठे नोंद नाही.

त्याची रात्र कशी जाते ते डोळ्यांसमोर आणा. फिडरवर, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीवर, थ्री-फेज वीज रात्री बाराला येणार. मोटार चालू करायची, डोक्याला बॅटरी बांधायची, एक वाफा भरला की बारे मोडून दुसऱ्यात पाणी घ्यायचं. प्रत्येक वाफ्याला काही मिनिटं, त्यामुळे मध्ये डुलकीही घेता येत नाही. मेंदूला रात्र कळवणारं मेलाटोनिन बॅटरीच्या पांढऱ्या उजेडाने दबतं. तीनला चहा-खारी, म्हणजे यकृताच्या घड्याळाला निरोप गेला की दिवस सुरू झाला. उजाडता घरी, आठला दूध, नंतर बाजार. चार दिवसांनी पाळी बदलली की सगळं उलट. मॉन्ट्रियलमध्ये २०१६ साली निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत काही दिवस रात्रपाळीच्या वेळापत्रकावर ठेवलं. प्रतिकारशक्तीच्या काही लयी नव्या वेळेकडे सरकल्या, काही जुन्याच वेळेवर राहिल्या. एकाच शरीरात दोन वेळा चालू झाल्या. ब्राझीलमध्ये रात्रपाळीच्या कामगारांना मेंदूज्वराची लस दिली, तर दिवसपाळीच्या कामगारांपेक्षा त्यांचा प्रतिसाद कमी निघाला. माणसं थोडी होती, ते मी लपवत नाही. आणि कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत घातलं, २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं.

संशयी : मॉन्ट्रियलचा अभ्यास मला विचार करायला लावतो, हे कबूल. पण तुमच्या वर्णनातून मी एक गोष्ट बाजूला काढते, झोप. अमेरिकेत १६४ निरोगी माणसांची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सातहून जास्त तास झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. तिथे पाळी नव्हती, बॅटरी नव्हती, नुसती कमी झोप. मग तुमच्या शेतकऱ्याला जे होतं ते घड्याळ बिघडल्याने होतं की झोप बुडाल्याने? उत्तर वेगळं निघालं तर उपायही वेगळा. झोपेचा प्रश्न असेल तर दुपारी तीन तास निवांत झोपू देणं पुरेल. घड्याळाचा असेल तर दुपारची झोप पुरी पडणार नाही.

आणि झोपेचंच बोलायचं तर मला लागवडीच्या टोळीतल्या बायका दिसतात. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापतात, सहाला पिकअपमध्ये दाटीने उभ्या राहतात, दिवसभर वाकून रोपं खोचतात, रात्री दहा-अकराला पाठ टेकतात. त्या रात्री शेतात नसतात, म्हणून त्यांच्या कामाला कुणी रात्रपाळी म्हणत नाही. त्यांचं हिमोग्लोबिन मी बघते तेव्हा घड्याळाची गोष्ट मला थोडी दूरची वाटते. प्रतिकारशक्ती आधी ताटात असते.

उत्साही : ताटाशी माझा वाद नाही. पण त्या बायकांचंही तुम्ही जे सांगितलंत ते वेळेचंच आहे. त्यांची रात्र दोन्ही टोकांनी कापली आहे. झोप आणि घड्याळ वेगळं कसं काढायचं, यावर मी बराच विचार केला आहे, आणि मला वाटतं ते इथेच करता येईल. बघा, कारखान्यात रात्रपाळी कोण घेतं? ज्याला जास्त पैसे हवेत, किंवा ज्याची तब्येत धडधाकट आहे. त्यामुळे तिथली तुलना खोटी पडते. इथे पाळी माणूस निवडत नाही, फिडर निवडतो. एका फिडरला काही दिवस दिवसा वीज, शेजारच्याला त्याच दिवसांत रात्री, मग अदलाबदल. माती तीच, थंडी तीच, कांद्याचा भाव तोच, जात-पात, खाणंपिणंही फार वेगळं नाही. शास्त्रज्ञाने चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत तसे गट महावितरणच्या वेळापत्रकाने पाडून ठेवले आहेत. त्या माणसांची झोप मोजा, ठरावीक वेळांना रक्त घ्या, फ्लूची लस द्या आणि वर्षभर कोण किती वेळा आजारी पडलं ते लिहा.

संशयी : हा पहिला मुद्दा तुम्ही असा काढलात की ज्याला मला सहज उत्तर देता येत नाही. तरी दोन भोकं दाखवते. एक, फिडर सगळ्यांना सारखा रात्री उठवत नाही. ज्याच्याकडे ठिबक आहे आणि मोटारीला मोबाइलवरचा स्टार्टर आहे तो अंथरुणातून बटण दाबतो आणि कूस बदलतो. मोकळं पाणी देणारा, एक-दीड एकरवाला, किंवा त्याचा सालदार, तो वाफ्यात उभा राहतो. म्हणजे तुमची चिठ्ठी फिडरपर्यंतच खरी, त्यापुढे पुन्हा गरिबी निवड करते. तुम्हाला फक्त वाफ्यात उभं राहून पाणी भरणाऱ्यांचीच आपापसात तुलना करावी लागेल.

दोन, पाळी दर काही दिवसांनी उलटते. त्यामुळे तुम्ही रात्रीचं काम आणि बदलती पाळी यांची गाठ मारून बसता. कायम रात्री काम करणाऱ्याचं शरीर निदान काही अंशी जुळवून घेतं का? बहुतेकांचं नीट जुळत नाही असं अभ्यास सांगतात, कारण सकाळी घरी जाताना ऊन डोळ्यांत शिरतं आणि घड्याळ पुन्हा दिवसाकडे ओढलं जातं. पण काहींचं जुळतं. मग महावितरणने 'सहा महिने रात्रच देतो, बदलणार नाही' म्हटलं, तर तुम्ही ते मागाल का?

उत्साही : कधीच नाही. रात्री शेतात फक्त घड्याळ बिघडत नाही. ऊस लागून असला की बिबट्या असतो, पाटाच्या कडेला घोणस असते, ओल्या पेटीत हात घालताना शॉक लागतो. दिवसा वीज मागायला एवढं पुरेसं आहे. त्यासाठीच तर २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा.

संशयी : मग सर, मला नेमकं इथे अडतं. दिवसा वीज मागायला सापाचं कारण पुरेसं असेल, तर पेशींच्या घड्याळाचं कारण तुम्ही त्या मागणीत कशाला घालता? साप चावलेला माणूस मी पाहिलेला आहे, त्याला पुरावा लागत नाही. घड्याळाचं कारण अजून कच्चं आहे. समजा तुमचा अभ्यास झाला आणि दोन्ही फिडरच्या माणसांत काहीच फरक निघाला नाही. तो कागद हातात घेऊन कुणी म्हणेल, बघा, रात्रीच्या पाण्याने आरोग्याला काही होत नाही. तुम्ही एका पक्क्या मागणीला कच्च्या कारणाचा टेकू देताय, आणि तो निसटला तर मागणीही डळमळेल.

उत्साही : तो धोका मला दिसतो. पण कारण गाळण्याचाही धोका आहे. साप दिसतो, बिबट्याची बातमी होते. जे आजार दिसत नाहीत, वीस वर्षांनी मधुमेह होऊन, दर हिवाळ्याला लांबत जाणारा खोकला होऊन येतात, ते कुणाच्या खात्यावर लिहायचे? आज आपण त्यांना वय, बिडी, नशीब म्हणून मोकळे होतो. आणि सौर वाहिनी आली तरी सगळं संपत नाही. व्यापाऱ्याच्या खळ्यावर रात्री ट्रक भरणारे हमाल, मालगाडीचा रेक लागला की गोण्या वाहणारे, पिंपळगावहून मुंबईला टोमॅटोच्या गाड्या नेणारे ड्रायव्हर. यांना सौर वीज देऊन दिवस मिळणार नाही. त्यांच्याबाबतीत साप आणि बिबट्या मदतीला येत नाहीत. त्यांच्यासाठी मांडायला माझ्याकडे दुसरं कारणच नाही, हे घड्याळच आहे.

संशयी : हमालांचं तुम्ही आधी बोलला असतात तर मी एवढी भांडले नसते. मग अभ्यास त्यांच्यावर करू. तिथे पाळी उलटत नाही, साप नाही, थंडीही शेतातल्याइतकी नाही. पण तिथे रात्रीच्या भराईची मजुरी जास्त मिळते आणि तुमच्या चिठ्ठ्या पुन्हा पैशानेच पडतात. पुरावा पक्का हवा तर वाफ्यातला माणूस घ्यावा लागतो, आणि ज्याला पुराव्याची खरी गरज आहे तो खळ्यावर आहे. एकावरून दुसऱ्याबद्दल किती बोलायचं?

उत्साही : रक्त दोघांचं सारखंच बोलेल, असं मला वाटतं.

संशयी : मला नाही वाटत. पण लिहून ठेवू, रक्त घ्यायच्या आधी, तुम्ही काय निघेल म्हणालात आणि मी काय निघेल म्हणाले. आणि त्या माणसांना विचारू की त्यांना यातलं काय कळून घ्यायचं आहे. ते आपल्यापैकी कुणीच अजून विचारलेलं नाही.